ओव्हनचा पायलट विझला तर: जुनी गॅस रेंज सुरक्षितपणे पुन्हा पेटवताना

अमेरिकेत जुन्या भाड्याच्या घरात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला ओव्हनचा पायलट (बर्नर पेटवण्यासाठी आत कायम जळणारी छोटी ज्योत) विझल्याची बातमी बहुधा दही देतं. थंडीत विरजण लावलेलं पातेलं किंवा इडलीचं पीठ रात्री बंद ओव्हनमध्ये ठेवायचं, आतल्या चिमुकल्या ज्योतीच्या उबेवर सकाळपर्यंत काम झालेलं असतं. मग एखाद्या सकाळी दूध जसंच्या तसं दिसतं, ओव्हन गार लागतो आणि खाली वाकलं की गॅसचा हलका वास येतो. ज्यांच्याकडे ओव्हन म्हणजे कढया, तवे आणि मोठा कुकर ठेवायचं कपाट (अशी घरं आपल्यात पुष्कळ), त्यांना हे कळायला थँक्सगिव्हिंग उजाडावं लागतं.

पायलट पेटवणं हे काम अवघड नाही. काडी ओढून ज्योत टेकवायला दहा सेकंदसुद्धा लागत नाहीत. भडका उडतो तो त्याआधी साचू दिलेल्या गॅसमुळे. म्हणून या लेखात पेटवण्यापेक्षा थांबण्यावर जास्त शब्द खर्च केले आहेत, आणि ते वाचताना कंटाळा आला तरी गाळू नयेत.

मुळात तुमच्या ओव्हनला पायलट आहे का?

वर चार बर्नर आणि खाली ओव्हन अशा एकसंध शेगडीला तिकडे रेंज म्हणतात. कायम जळणारा पायलट फक्त जुन्या रेंजमध्ये सापडतो. अमेरिकेच्या केंद्रीय नियमानुसार, विजेची वायर असलेल्या घरगुती गॅस रेंजमध्ये १ जानेवारी १९९० पासून आणि विजेची वायर नसलेल्या रेंजमध्ये ९ एप्रिल २०१२ पासून असा पायलट बसवता येत नाही. म्हणजे नवी रेंज असेल तर तुम्ही शोधत असलेली ज्योत तिथे नसणारच.

खात्री करायची सोपी रीत म्हणजे ओव्हन लावून कान आणि डोळे उघडे ठेवणं. टिक-टिक आवाज आला तर ठिणगीवर चालणारा ओव्हन आहे. आवाज काही नाही, पण मिनिटभरात खाली नारिंगी लालसर कांडी तापताना दिसली, तर ती विजेवर तापणारी कांडी आहे. या दोन्ही प्रकारांत काडी लावून ओव्हन पेटवायचा प्रयत्न करू नये, वीज गेलेली असली तरीही. वीज गेल्यावर वरचे ठिणगीवाले बर्नर काडीने पेटवता येतात, म्हणून लोक ओव्हनलाही तेच लावायला जातात. ओव्हनची रचना वेगळी असते. कांडी पुरेशी तापल्याशिवाय त्याचा व्हॉल्व्ह गॅस सोडतच नाही.

ओव्हन बंद असतानाही आत निळी, बोटाच्या पेराहून लहान ज्योत दिसायला हवी होती आणि ती आता दिसत नाही, तर मग पुढचं सगळं तुमच्यासाठी.

पायलटवाल्या ओव्हनचेही दोन प्रकार आहेत आणि दोन्हींची पेटवायची रीत निराळी आहे. पहिल्यात एक लहान ज्योत सतत जळत असते. ओव्हनचा नॉब फिरवला की ती मोठी होते आणि शेजारच्या एका बारीक धातूच्या कांडीला तापवते. कांडीच्या आतला द्रव प्रसरण पावतो, त्याच्या दाबाने सुरक्षा व्हॉल्व्ह उघडतो आणि मग मुख्य बर्नरला गॅस मिळतो. म्हणूनच हा ओव्हन लावल्यावर अर्धा-एक मिनिट काहीच होत नाही. तो बिघडलेला नसतो, कांडी तापायची वाट बघत असतो. यातल्या बऱ्याच जुन्या कांड्यांमध्ये पारा असतो, त्यामुळे त्या किंवा त्यांना जोडलेली केसासारखी बारीक नळी वाकवू, ओढू किंवा कापू नये.

दुसऱ्या प्रकारात थर्मोकपल असतं. दोन वेगळ्या धातूंचा सांधा ज्योतीत तापला की काही मिलिव्होल्ट वीज तयार होते आणि तेवढ्यावर एक छोटं विद्युतचुंबक व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवतं. ज्योत विझली, सांधा गार झाला की व्हॉल्व्ह आपोआप मिटतो. यात नॉब किंवा लाल बटण दाबून धरावं लागतं.

फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. थर्मोकपलवाल्या ओव्हनचा पायलट विझला तर गॅस बंद होतो. पहिल्या प्रकारात मुख्य बर्नरचा गॅस अडतो, पण पायलटच्या नळीतून थोडा-थोडा गॅस येतच राहतो. वरच्या बर्नरच्या पायलटांचंही तसंच. तुम्हाला येणारा हलका वास बहुधा याचाच असतो.

आधी नाकाने ठरवा

नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. टेक्सासमधल्या न्यू लंडन इथल्या शाळेत १८ मार्च १९३७ रोजी साचलेल्या गॅसचा स्फोट होऊन सुमारे तीनशे जण गेले, त्यात बहुतेक मुलं होती. कुणाला वास आला नव्हता, कारण वास नव्हताच. त्यानंतर गॅसमध्ये कुजक्या अंड्यासारख्या वासाचं रसायन मिसळायची सक्ती आली. आजचा अमेरिकी नियम असा आहे की, हवेत गॅस पेट घेण्याच्या किमान प्रमाणाच्या एक पंचमांशावर असतानाच साधारण माणसाला वास यायला हवा. नैसर्गिक वायूसाठी हे किमान प्रमाण हवेच्या सुमारे ५ टक्के असतं. थोडक्यात, वास आला म्हणजे लगेच स्फोट होणार असं नाही, पण वास ही सूचना आहे आणि ती मानायची.

रेंजजवळ वाकल्यावर, नाक आत घातल्यावर हलका वास येतो, तर तो विझलेल्या पायलटचा असू शकतो. पण स्वयंपाकघराच्या दारातच किंवा दिवाणखान्यात वास आला, किंवा कुठेतरी फुसफुस ऐकू आली, तर पायलट विसरा. काडी नाही, दिव्याचं बटण नाही, एक्झॉस्ट पंखा नाही, कशाचाही प्लग काढणं नाही, घरातून फोन नाही. जे दिवे चालू आहेत ते चालू राहू द्या, बंद आहेत ते बंद. सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचं आणि लांब जाऊन गॅस कंपनीला किंवा ९११ ला फोन करायचा. (भारतात घरगुती सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे.) सर्दी झालेली असेल तर स्वतःच्या नाकावर विसंबू नका, घरातल्या दुसऱ्या कुणाला वास घ्यायला सांगा.

सिलिंडरच्या सवयीने आलेल्यांसाठी एक गोष्ट. आपल्या सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत पसरतो, म्हणून आपल्याला दारं उघडून खालून हवा खेळवायची सवय असते. शहरातल्या नळाने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो, तो वर छताकडे जातो. तेव्हा खिडकीची वरची झडप उघडता येत असेल तर ती उघडा. मात्र शहराबाहेरच्या अनेक घरांमागे प्रोपेनची टाकी असते आणि प्रोपेन सिलिंडरच्या गॅससारखाच जड. तो नेमका ओव्हनखालच्या ड्रॉवरमध्ये जमून बसतो. अशा घरात थांबायचा वेळ दुप्पट करा आणि वास घेताना जमिनीपर्यंत वाका.

पेटवण्याआधीची तयारी

पहिलं काम म्हणजे रेंजवरची माहितीची पट्टी शोधणं. ती खालच्या ड्रॉवरच्या चौकटीवर, ओव्हनच्या दाराच्या आतल्या कडेला किंवा वरचं झाकण उचलल्यावर आत चिकटवलेली असते. तिच्यावर मॉडेलचा क्रमांक असतो आणि बऱ्याचदा पेटवायची रीतही छापलेली असते. ती रीत आणि हा लेख यांत फरक पडला, तर पट्टीचं ऐका.

मग सगळे नॉब बंद करा, वरचे चारही आणि ओव्हनचाही. त्यानंतर रेंजचा गॅसपुरवठा बंद करा. त्याचा व्हॉल्व्ह रेंजच्या मागे भिंतीजवळ, खालच्या ड्रॉवरच्या पाठीमागे किंवा शेजारच्या कपाटात असतो. दांडा पाइपला समांतर असेल तर चालू, आडवा असेल तर बंद. तो हाताने किंवा पान्याच्या हलक्या जोराने फिरला पाहिजे. अडकला तर जोर लावू नका, तिथेच थांबून सुपरला (इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाला) बोलवा.

व्हॉल्व्ह दिसत नाही म्हणून रेंज भिंतीपासून ओढायचा मोह होतो. ओढू नका. जुन्या रेंजच्या मागची लवचीक नळी कधीकधी आवरण नसलेल्या पितळेची असते. अशा नळ्यांचे सांधे तुटून आगी लागल्या आहेत आणि नुसती रेंज हलवणंही त्याला पुरेसं ठरू शकतं, असा इशारा अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने दिलेला आहे. ते काम तंत्रज्ञाचं.

आता खिडकी उघडा, ओव्हनचं दार पूर्ण उघडा आणि खालचा ड्रॉवर बाहेर काढून ठेवा. ओव्हनमधली भांडी, जाळ्या काढा. आणि थांबा. किमान पाच मिनिटं, घड्याळ लावून. आधी हलका वास येत असेल, तर तो पूर्ण जाईपर्यंत, मग अर्धा तास लागला तरी चालेल. पाच मिनिटांनी खाली वाकून वास घ्या. पुरवठा बंद करूनही वास कमी होत नसेल, तर गळती दुसरीकडे आहे. बाहेर पडून फोन.

या वेळात स्वतःची तयारी करा. केस बांधा, ओढणी किंवा पदर दूर, नायलॉनचे सैल हाताचे कपडे नकोत. मुलांना आणि मांजरा-कुत्र्यांना दुसऱ्या खोलीत पाठवा. शेगडीची छोटी काडेपेटी या कामाला उपयोगाची नाही, बोटं पोचत नाहीत आणि तोंड आत घालावं लागतं. लांब काडी किंवा लांब नळीचा लायटर आणा. सोबत टॉर्च.

पायलट कुठे आहे

ओव्हनच्या तळाचा पत्रा काढायचा असतो. काहींना पुढे किंवा मागे दोन स्क्रू असतात, काहींचा पत्रा नुसता उचलून पुढे ओढला की निघतो. त्याखाली ज्योत पसरवणारी एक धातूची पट्टी असू शकते, तीही काढा. पत्र्याच्या कडा धारदार असतात, जाड हातमोजे घाला. काही रेंजमध्ये पत्रा काढायची गरज नसते, खालच्या ड्रॉवरच्या जागेतून वर पाहिलं की बर्नर दिसतो.

बर्नर म्हणजे भोकांची लांब नळी. तिच्या मागच्या टोकाकडे पाहा. पेन्सिलीहून बारीक अॅल्युमिनियमची नळी जिथे संपते आणि शेजारी ती तापायची कांडी किंवा थर्मोकपल असतं, तोच पायलट. टोकाला काजळी, गंज किंवा सांडलेल्या अन्नाचा थर असेल, तर मऊ ब्रशने झटका. सुई घालून भोक साफ करायचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. त्या भोकाचं माप ठरलेलं असतं, ते मोठं झालं तर ज्योत पिवळी आणि बेफाम होते आणि मग नवीन भाग टाकावा लागतो.

पेटवणे: सतत जळणाऱ्या पायलटची रीत

शक्य असेल तर दोघांनी करा. एकाने व्हॉल्व्हपाशी, दुसऱ्याने ओव्हनपाशी. क्रम असा की आधी ज्योत, मग गॅस.

१. वरचं झाकण उचलून टेकू देऊन ठेवा. डाव्या दोन बर्नरच्या मधे एक आणि उजव्या दोनच्या मधे एक असे वरचे पायलट दिसतील. पुरवठा सुरू केला की गॅस त्यांनाही मिळणार आहे, हे विसरलं जातं.

२. ओव्हनसमोर बाजूला सरकून गुडघ्यावर बसा. चेहरा दाराच्या चौकटीच्या बाहेर, हात फक्त आत.

३. काडी पेटवून पायलटच्या टोकाशी धरा आणि मग जोडीदाराला हळू व्हॉल्व्ह उघडायला सांगा. एकटे असाल तर व्हॉल्व्ह उघडून लगेच काडी लावा, मध्ये काही शोधायला जाऊ नका.

४. ज्योत धरली की लगेच वरचे दोन्ही पायलट पेटवा. काही पट्ट्यांवर वरचे आधी, ओव्हनचा नंतर असा क्रम असतो. तुमच्या पट्टीवर काही नसेल तर ओव्हन आधी, कारण तो बंदिस्त आहे आणि वरची जागा उघडी आहे.

नळीत हवा भरली असेल तर गॅस पोचायला मिनिटभर लागतो. काडी बोटांपर्यंत आली तर विझवून दुसरी घ्या. लायटर असेल तर तो धरून ठेवा. पण एक मिनिटात ज्योत लागली नाही तर व्हॉल्व्ह बंद करा, पुन्हा पाच मिनिटं घड्याळ लावा आणि मगच दुसरा प्रयत्न. घाईत लागोपाठ काड्या ओढत राहणं, हीच साचलेल्या गॅसला आग लावायची खात्रीची रीत आहे. काही ओव्हनमध्ये नॉब ‘ऑफ’वर असताना पायलटलाही गॅस मिळत नाही, तो पायलटच्या खुणेवर आणावा लागतो. ज्योत अजिबात धरत नसेल तर नॉबवरची खूण आधी तपासा.

पेटवणे: थर्मोकपलची रीत

इथे एकटा माणूस पुरतो. काडी पायलटपाशी धरून नॉब किंवा बटण दाबा. ज्योत लागली तरी बोट सोडू नका. सांधा तापेपर्यंत अर्धा ते एक मिनिट तसंच दाबून ठेवा, मग हळूच सोडा. ज्योत टिकली तर झालं. विझली तर नॉब बंद करून पाच मिनिटं थांबा आणि पुन्हा करा, या वेळी थोडं जास्त दाबून धरा. दोन-तीन प्रयत्नांनंतरही टिकत नसेल, तर थर्मोकपल मळलेलं, सरकलेलं किंवा जळलेलं आहे. तो भाग महाग नसतो, पण बदलायचं काम गॅसच्या व्हॉल्व्हपाशी करावं लागतं, म्हणून तिथे आपलं कौशल्य दाखवू नये.

पेटला, पण नीट पेटला का?

पायलटची ज्योत निळी, स्थिर आणि कांडीला किंवा सांध्याला गुरफटून असावी. टोक किंचित पिवळं असेल तर चालेल. पूर्ण पिवळी, नाचरी किंवा काजळी सोडणारी ज्योत म्हणजे हवेचं प्रमाण बिघडलंय.

पट्टी आणि तळाचा पत्रा परत बसवा आणि ओव्हन ३५० अंश फॅरनहाइटला लावा, म्हणजे सुमारे १८० अंश सेल्सिअस. पहिल्या प्रकारात पायलट मोठा होईल आणि मिनिटभरात मुख्य बर्नर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे शांतपणे पेटत जाईल. दीड मिनिट उलटलं तरी पेटला नाही, किंवा गॅसचा वास आला, तर नॉब बंद. ‘भप्’ असा आवाज करून पेटला तर तो ओव्हन दुरुस्तीशिवाय वापरू नका. पेटायला उशीर होतोय आणि तोवर गॅस साचतोय, असा त्याचा अर्थ. आज भप् झालं, उद्या दार उघडेल.

दहा मिनिटांनी ओव्हन बंद करून पाहा: मुख्य बर्नर विझला पाहिजे, पायलट लहान होऊन जळत राहिला पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा टॉर्च मारून बघा. व्हॉल्व्ह फिरवला असल्यामुळे त्याच्या सांध्यावर साबणाचं पाणी लावून तपासा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडीने गळती तपासणारे लोक अजून आहेत, त्यांना स्वयंपाकघरात घेऊ नये.

पायलट का विझतो?

एकदा विझला तर वाऱ्याची झुळूक, आपटलेला ड्रॉवर, उतू गेलेलं काही किंवा इमारतीत गॅसचं काम, असं काहीही असू शकतं. महिन्यातून दोनदा विझला तर पायलटचं टोक कोंदलंय किंवा दाबाचा प्रश्न आहे, आणि वारंवार पेटवत राहणं हा इलाज नव्हे. तळाच्या पत्र्यावर स्वच्छतेसाठी अॅल्युमिनियम फॉइल अंथरायची सवय असेल तर ती मोडा. फॉइलने पत्र्याच्या फटी बुजतात, बर्नरला हवा मिळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर ही लक्षणं घरातल्या दोघा-तिघांना एकदम जाणवली तर बाहेर पडा. त्याचा अलार्म झोपायच्या खोल्यांजवळ असायलाच हवा. हिवाळ्यात हीटर बंद पडल्यावर ओव्हनचं दार उघडं ठेवून घर तापवणं याच कारणाने जिवावर बेतू शकतं.

एका प्रसंगी पायलट आपण होऊन विझवावा लागतो: झुरळं मारायच्या कीटकनाशक धुराचा डबा (फॉगर) फोडताना. त्यातला फवारा ज्वलनशील असतो आणि पायलटने तो पेटून घरं उद्ध्वस्त झाली आहेत. डब्यावरच लिहिलेलं असतं की सगळे पायलट विझवा. त्यासाठी ज्योत फुंकायची नाही, पुरवठ्याचा व्हॉल्व्ह बंद करायचा. गॅस गीझरला किंवा घर तापवणाऱ्या भट्टीला पायलट असेल तर त्यांचाही. फवाऱ्यानंतर डब्यावर दिलेला वेळ घर बंद ठेवून, मग तेवढंच उघडं ठेवून, वर सांगितलेली सगळी रीत पहिल्यापासून करायची.

कुणाला बोलवायचं

भाड्याच्या घरात रेंज घरमालकाची असेल तर ती चालू ठेवणं सहसा त्याचं काम असतं. तुम्हाला वाकणं जमत नसेल, भीती वाटत असेल किंवा वर सांगितलेल्यापैकी एखादी गोष्ट जुळत नसेल, तर सुपरला किंवा घरमालकाला लेखी कळवा, फोनवर बोललात तरी मागाहून एक मेसेज टाका. बऱ्याच गॅस कंपन्या पायलट पेटवायला माणूस पाठवतात. फोन करताना चार गोष्टी तयार ठेवा: रेंजच्या पट्टीवरचा मॉडेल क्रमांक, वास येतोय की नाही, पायलट कधीपासून विझलेला आहे आणि पुरवठ्याचा व्हॉल्व्ह सापडला का. वास येतोय असं सांगितलंत तर ते तातडीने येतात, पण तो फोन घराबाहेरून करायचा.